लस घेतल्यावर खांदा आठवडेच्या आठवडे दुखतोय? सुई कुठे टोचली ते आधी बघा

लसीकरणाच्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला ही तक्रार कधी ना कधी ऐकावी लागते. "सिस्टर, लस घेऊन तीन आठवडे झाले, अजून हात वर जात नाही. केस विंचरायचे तर दुसऱ्या हातानं उचलून धरावा लागतो." मग आपण ठरलेलं उत्तर देतो. लसीनं थोडं दुखतंच, पॅरासिटामॉल घ्या, जाईल. मीही बरीच वर्षं हेच सांगत होते.

एकदा एका बाईंना सहज विचारलं, "सुई नेमकी कुठे टोचली होती? एका बोटानं दाखवा बघू." त्यांनी बोट ठेवलं ते दंडावर नव्हतंच. खांद्याच्या हाडाची कड जिथे संपते तिच्या खाली जेमतेम एक बोट. लस मी दिली नव्हती, पण आमच्याच टेबलावर दिली होती. तेव्हापासून अशी तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी हा एकच प्रश्न आधी विचारते. कितीही आठवडे झाले तरी माणसाला ती जागा अचूक आठवते आणि बोट बहुतेक वेळा नको तितकं वर असतं.

डेल्टॉइड, म्हणजे खांद्यावरून दंडावर उतरणारा, लस टोचायचा स्नायू कुठे असतो हे लस टोचणाऱ्याला माहीत नसतं म्हणून असं होतं, असं मला वाटत नाही. परीक्षेत सगळे बरोबर चित्र काढतात. तरी प्रत्यक्षात हात वर सरकतो आणि त्याला कारण बहुतेकदा दोनच असतात: समोरच्याची बाही आणि आपली खुर्ची. त्याकडे येतेच, पण त्याआधी तक्रार नेमकी कसली आहे ते ओळखायला हवं.

नेहमीचं दुखणं की वेगळं?

नेहमीचं दुखणं असं असतं: संध्याकाळपर्यंत दंड जड होतो, दाबलं की कळ येते, त्या कुशीवर झोपवत नाही. दोन-तीन दिवसांत उतरतं. दुखत असला तरी हात फिरतो. कुरकुर करत का होईना, पण माणूस हात डोक्यावर नेऊ शकतो.

दुसऱ्या प्रकारात दुखणं ४८ तासांच्या आत, पुष्कळदा त्याच दिवशी सुरू होतं आणि ते दंडात नाही, खांद्याच्या आत खोल असतं. आठवडा उलटला तरी तसंच. हात बाजूनं वर उचलताना मध्येच अडतो. रात्री वाढतं. बाहेरून ना सूज, ना लाली, त्यामुळे घरचे म्हणतात "काही दिसत तर नाही", आणि कधीकधी आपणही मनातल्या मनात तेच म्हणतो. म्हणायला नको.

तिसरा प्रकार क्वचितच दिसतो, पण चुकवून चालत नाही. सुई आत जाताक्षणी विजेचा झटका बसल्यासारखी कळ हातभर जाते, नंतर मुंग्या किंवा बधिरपणा राहतो, हाताची ताकद कमी वाटते. हा नसेचा मामला. याला पॅरासिटामॉल सांगून परत पाठवायचं नाही, डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचं.

दुसऱ्या प्रकाराला वैद्यकात नाव आहे, सिर्व्हा. लस देताना खांद्याला झालेली इजा, असा त्याचा अर्थ. २००७ साली अशा दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. २०१० मध्ये अमेरिकेत १३ प्रौढांच्या नोंदी एकत्र करून हे नाव दिलं गेलं, आणि २०१७ मध्ये तिथल्या लस-नुकसानभरपाईच्या अधिकृत यादीत ते घातलं गेलं, तेही ४८ तासांच्या अटीसह. मुद्दा असा की दोष लसीतल्या घटकाचा धरलेला नाही, सुई कुठे गेली याचा धरलेला आहे. कोणतीही लस असो, चुकीच्या जागी गेली की हे होऊ शकतं.

स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवून बघा

पुस्तक बाजूला ठेवा. उजव्या हाताचं बोट डाव्या गळपट्टीच्या हाडावर ठेवा आणि हाडावरूनच बाहेरच्या बाजूला सरकवत न्या. खांद्याच्या टोकाला एक चपटा, कठीण कट्टा लागेल. हा अक्रोमियन, म्हणजे पाठीच्या फऱ्याच्या हाडाचंच पुढे आलेलं टोक. त्याच्या बाहेरच्या कडेवरून बोट खाली घसरलं की मऊ लागतं. इथून डेल्टॉइड सुरू होतो.

उलट्या त्रिकोणासारखा हा स्नायू आहे. वरची रुंद बाजू गळपट्टीचं हाड, अक्रोमियन आणि फऱ्याच्या हाडाची धार अशी तिन्ही ठिकाणी चिकटलेली. तिथून खांद्याला टोपीसारखा वेढा देत तो खाली निमुळता होतो आणि दंडाच्या हाडाच्या साधारण मध्यावर, बाहेरच्या बाजूला, एका खडबडीत उंचवट्यावर संपतो. भिंतीच्या बाजूला उभं राहा, हाताची पाठ भिंतीला टेकवा आणि हातानं भिंत बाहेरच्या बाजूला ढकला. सगळा स्नायू टणक होऊन उठून दिसेल, खालचं टोकही बोटाला लागेल.

आता जे दिसत नाही ते. अक्रोमियनच्या खाली, डेल्टॉइड आणि आतल्या स्नायूबंधांच्या मध्ये एक पातळ, दोन पदरी पिशवी असते. तिला बर्सा म्हणतात. आत जेमतेम वंगणापुरता द्रव. हात हलताना स्नायू हाडावर घासू नये म्हणून ती आहे. ही पिशवी अक्रोमियनपाशी संपत नाही, डेल्टॉइडच्या खाली उतरते. २००७ च्या त्याच नोंदीत सोनोग्राफीनं मोजलं तेव्हा ती अक्रोमियनच्या कडेपासून ३ ते ६ सेंटिमीटरपर्यंत खाली गेलेली आढळली. म्हणजे कडेच्या खाली एका बोटावर टोचलेली सुई स्नायू ओलांडून थेट या पिशवीत किंवा तिच्याखालच्या स्नायूबंधात जाऊ शकते, सडपातळ माणसात तर सहजच. स्नायूत रक्त भरपूर खेळतं, लस तिथून उचलली जाते. पिशवीत पडलेली लस मात्र तिथेच रेंगाळते आणि शरीराची जी लढाई स्नायूत व्हायची ती सांध्याच्या दारात होते. आधीच्या डोसामुळे अंगात अँटीबॉडी तयार असतील तर दाह आणखी चिवट होतो, असा तज्ज्ञांचा तर्क आहे.

वर पिशवी, तर खाली आणि मागे नसा. अॅक्सिलरी नस काखेच्या मागच्या बाजूनं येऊन दंडाच्या हाडाला वळसा घालते आणि डेल्टॉइडच्या आतल्या अंगानं पुढे जाते. प्रौढांमध्ये ती अक्रोमियनच्या खाली साधारण ५ ते ७ सेंटिमीटरवर असते, ठेंगण्या माणसात आणखी वर. ती मागून येते, म्हणून सुई मागच्या बाजूला सरकू देऊ नये. आणखी खाली, हाडाच्या मागच्या अंगाला रेडियल नस हाडाला चिकटून तिरकी उतरते. तिला धक्का बसला तर मनगट लुळं पडतं. दंडाच्या खालच्या अर्ध्यात किंवा मागे स्नायूतली लस देऊ नये ती यासाठी.

म्हणजे ऐसपैस वाटणाऱ्या या स्नायूत आपल्या उपयोगाची जागा तशी छोटीच. नेहमीचा नियम असा: अक्रोमियनच्या कडेपासून दोन ते तीन बोटं खाली, म्हणजे सुमारे ५ सेंटिमीटर, काखेच्या घडीच्या रेषेच्या वर, आणि दंडाच्या बरोबर बाहेरच्या बाजूला. पुढे नाही, मागे नाही.

बोटं मोजण्याची एक अडचण आहे. माझी तीन बोटं आणि आमच्या एका सहकाऱ्याची तीन बोटं यांत चांगला सेंटिमीटरभर फरक पडतो. म्हणून मी नव्या मुलींना दुसरी रीत शिकवते. तर्जनी अक्रोमियनच्या कडेवर ठेवा, त्याच हाताचा अंगठा डेल्टॉइडच्या खालच्या टोकावर, जिथे स्नायू निमुळता होऊन हाडात शिरतो तिथे. या दोन्हींच्या बरोबर मध्ये सुई. माणूस उंच असो, बुटका असो, मोजमाप त्याच्याच हातावरून होतं. बोट पोचत नसेल एवढा दंड लांब असेल तर दोन्ही हातांनी खुणा शोधा, त्यात कमीपणा नाही.

मग हात वर का सरकतो?

एखाद्या गर्दीच्या दिवशी अर्धा तास टेबलाच्या बाजूला उभं राहून नुसतं बघा.

माणूस येतो, खुर्चीवर बसतो. अंगात लांब बाहीचा घट्ट सदरा. बाही वर जात नाही, म्हणून तो वरची दोन बटणं काढतो आणि गळा खांद्यावरून खाली ओढतो. कापड ताणलेलं, ते परत वर जाऊ नये म्हणून त्यानं दुसऱ्या हातानं धरून ठेवलेलं. आता उघडी किती जागा दिसते? तळहाताएवढी. तिचा खालचा काठ कापडानं ठरवलेला आहे, स्नायूनं नाही. जिथे सुई जायला हवी ती जागा कापडाखालीच राहिली. टोचणारी त्या उघड्या तुकड्याच्या मधोमध पुसते आणि मधोमध टोचते. तिच्या डोळ्यांना ते "मध्ये"च दिसतं. प्रत्यक्षात ती अक्रोमियनच्या खाली बोटभर अंतरावर असते.

माझ्या हिशेबानं वर टोचल्या गेलेल्या सुयांपैकी बऱ्याच या ताणलेल्या गळ्याच्या असतात. यावर उपाय शरीररचनेच्या पुस्तकात नाही, एका वाक्यात आहे: "गळा ओढू नका, हात बाहीतून बाहेर काढा." पडदा लावायला लागतो, अर्धा मिनिट जास्त जातो, रांगेतले लोक कटकट करतात. करू देत. आधीच सैल बाहीचे कपडे घालून यायला सांगितलं तर तेवढीही कटकट उरत नाही.

याची उलटी बाजूही आहे. बाही खालून गुंडाळत वर नेली आणि ती दंडावर घट्ट रुतली की मांस खाली ढकललं जातं, वरचा भाग झाकलेलाच राहतो, आणि सुई नको तितकी खाली जाते. अक्रोमियनची कड बोटाला लागल्याशिवाय टोचायचं नाही, एवढं पथ्य पाळलं तर दोन्ही चुका टळतात. कड दिसली पाहिजे असं नाही, लागली पाहिजे.

आता खुर्ची. समोरचा बसलेला आणि आपण उभे, ही सर्वात वाईट जोडी. वरून पाहताना खांद्याचा घुमट आपल्या डोळ्यांच्या सर्वात जवळ असतो, दंडाची बाहेरची बाजू खाली पळत गेलेली दिसते. हात आपोआप जवळच्या भागाकडे जातो. शिवाय सुई त्वचेशी ९० अंशांत धरली असं वाटतं, पण ती तिरकी जाते. दोघांनी बसायचं, आपले डोळे त्याच्या दंडाच्या पातळीत. दिवसभर उभं राहून लसी देणाऱ्यांना "बसून द्या" म्हटलं की आधी हसायला येतं, मग पाठीलाही बरं वाटतं.

तिसरी गोष्ट समोरच्याचा हात. हात शरीराला चिकटून ताठ लटकलेला असेल तर स्नायू आवळलेला असतो. त्याला हात कमरेवर ठेवायला सांगा, कोपर बाहेरच्या बाजूला, साधारण ६० अंशांत. यानं दोन कामं होतात: स्नायू सैल पडतो आणि बर्साचा बराचसा भाग अक्रोमियनच्या खाली सरकतो, सुईच्या वाटेतून बाजूला होतो. अट एवढीच की खांदा वर उचलून धरलेला नको. घाबरलेला माणूस खांदे कानापर्यंत नेतो. "श्वास सोडा" म्हटलं की खांदा खाली येतो.

गाठ येते, हाड लागतं: सुईच्या लांबीचे घोटाळे

"लस घेतल्यावर त्वचेखाली टणक गाठ आली, महिना झाला." ही तक्रार वरच्यापेक्षा वेगळी. इथे जागा बरोबर असू शकते, सुई आखूड पडलेली असते. अॅल्युमिनियमचं क्षार मिसळलेल्या लसी, म्हणजे धनुर्वात, घटसर्प, हेपॅटायटिस बी या वर्गातल्या, स्नायूतच जायला हव्यात. चरबीत राहिल्या तर तिथे दाह होतो, गाठ होते, क्वचित त्वचेचा रंग बदलतो. गाठ सहसा आपोआप विरते. चोळायची नाही, पिळायची तर मुळीच नाही.

प्रौढांसाठी सुईची लांबी वजनावरून ठरवण्याचा एक सर्वमान्य तक्ता आहे. ६० किलोच्या आत १६ मिलिमीटर पुरते, पण त्वचा ताणून धरली आणि सुई सरळ ९० अंशांत गेली तरच. ६० ते ७० किलोपर्यंत २५ मिलिमीटर. त्यापुढे बायका आणि पुरुष वेगळे होतात: बायकांमध्ये ९० किलोपर्यंत आणि पुरुषांमध्ये ११८ किलोपर्यंत २५ ते ३८ मिलिमीटर, त्याहून जास्त असेल तर ३८. हा भेदभाव नव्हे. त्याच वजनाच्या बाईच्या दंडावर चरबीचा थर पुरुषापेक्षा जाड असतो, एवढंच. जाडी २२ ते २५ गेज (गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक).

प्रत्यक्षात टेबलावर एकाच लांबीच्या सुया असतात, हे मलाही माहीत आहे. मग निदान पकड तरी बदला. सडपातळ, वयस्क, स्नायू झिजलेल्या माणसाचा स्नायू दोन बोटांत हलका उचलून धरा, म्हणजे सुई हाडावर आपटत नाही. जाड माणसाचा दंड मात्र उचलायचा नाही. उचलताना आपण स्नायू नाही, चरबी गोळा करतो आणि सुईच्या वाटेत जास्तीचा थर उभा करतो. तिथे त्वचा अंगठा आणि तर्जनीनं पसरून सपाट करायची. ही एक चूक मी अनुभवी हातांकडूनही होताना पाहिली आहे, कारण चिमटीत धरायची सवय जाता जात नाही.

सुई हाडाला टेकली तर घाबरू नका. सुई थोडी मागे घ्या, लस द्या. मात्र एकाच सत्रात दोन-तीनदा हाड लागलं तर सुईची लांबी आणि जागा, दोन्ही पुन्हा तपासा. हाड सहज लागतंय याचा अर्थ पुष्कळदा असा असतो की आपण स्नायू पातळ असलेल्या भागात आहोत.

लहान मुलं: मांडी, आणि कुल्ला का नको

वर्षाच्या आतल्या बाळाच्या दंडाला हात लावून बघा. डेल्टॉइड जवळजवळ लागतच नाही. म्हणून मांडी. मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूचा व्हास्टस लॅटरॅलिस हा स्नायू जन्मापासून भरलेला असतो आणि त्या भागात मोठी नस किंवा मोठी रक्तवाहिनी नसते. मांडीची मोठी रोहिणी आतल्या बाजूनं जाते. कंबरेच्या खालचं बाहेरचं हाड ते गुडघ्याची बाहेरची बाजू, या अंतराचे मनातल्या मनात तीन भाग करा. मधल्या भागात, बाहेरच्या अंगाला, लस द्यायची. नवजात बाळाला १६ मिलिमीटरची सुई, महिन्यानंतर २५. "एवढ्याशा बाळाला एवढी लांब सुई?" असं आईच काय, नवी सिस्टरही विचारते. पण आखूड सुईनं लस चरबीत राहते आणि बाळाच्या मांडीला सूज जास्त येते.

एक ते दोन वर्षांतही मांडीच बरी. तीन वर्षांनंतर दंड. चालतं मूल मांडीत लस घेतल्यावर दिवसभर लंगडतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण पालकांना आधीच सांगून ठेवा, नाही तर रात्री फोन येतो.

बाळाला टेबलावर आडवं दाबून धरण्यापेक्षा आईच्या मांडीवर, तिच्या कुशीत धरलेलं बरं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये लसीच्या वेदना कमी करण्याबाबत जी भूमिका मांडली त्यातही हेच आहे. दूध पाजता पाजता लस दिली तर आणखी चांगलं.

कुल्ल्याचा प्रश्न अजूनही येतो, विशेषतः घरातल्या मोठ्या माणसांकडून. "आमच्या वेळी सगळी इंजेक्शनं कंबरेतच द्यायचे." लसीसाठी तिथे दोन अडचणी. एक, सायटिक नस त्याच भागातून खाली जाते आणि "वरचा बाहेरचा चतुर्थांश" हा अंदाज लहान मुलात फसतो. दोन, तिथे चरबी एवढी जाड असते की नेहमीची सुई पुष्कळदा स्नायूपर्यंत पोचतच नाही. हेपॅटायटिस बीची लस कुल्ल्यात दिलेल्या प्रौढांमध्ये प्रतिकारशक्ती कमी तयार होते, हे १९८५ च्या सुमारास लक्षात आलं आणि तेव्हापासून दंडाचा आग्रह धरला गेला. तिथे दिलेला हेपॅटायटिस बीचा डोस अमेरिकी मार्गदर्शनानुसार धरतच नाहीत, पुन्हा द्यावा लागतो. रेबीजच्या लसीलाही कुल्ला वर्ज्य आहे. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस त्वचेखाली द्यायची असताना चुकून स्नायूत गेली तर मात्र डोस ग्राह्य धरतात. चूक तीच, हिशेब वेगळा. म्हणून नेमकी कोणती लस कुठे गेली हे लिहून ठेवणं भाग आहे.

बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, वेगळ्याच घरची. ती त्वचेच्या थरातच, दंडावर डेल्टॉइडच्या खालच्या टोकापाशी. संत्र्याच्या सालीसारखा फुगवटा आला की बरोबर. खांद्याच्या टोकाजवळ दिली तर व्रण जाड, उंच होण्याचा धोका वाढतो. म्हणजे इथेही वर सरकलेला हात नडतोच.

टेबलावर वारंवार विचारले जाणारे काही प्रश्न

दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का बघायचं का? लसीसाठी नाही. दंड आणि मांडीच्या या जागांत मोठी रक्तवाहिनी नाही. सुई आत जास्त वेळ हलत राहते आणि दुखतं, एवढाच परिणाम.

दोन लसी एकाच दंडात? चालतात, पण मध्ये अडीच सेंटिमीटर अंतर हवं, म्हणजे कुठल्या लसीनं सूज आली ते कळतं. जास्त झोंबणारी लस शेवटी द्यायची.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर? २३ गेज किंवा त्याहून बारीक सुई, नंतर दोन मिनिटं घट्ट दाबून धरायचं, चोळायचं नाही. "दोन मिनिटं" म्हणजे घड्याळातली दोन.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेल्या असतील, डायलिसिससाठी हातात फिस्टुला (रक्तवाहिन्यांची मुद्दाम केलेली जोडणी) असेल, किंवा हात लुळा असेल, तर दुसरी बाजू. दोन्ही बाजू नको असतील तर मांडी प्रौढांनाही चालते. हे विचारायला दहा सेकंद लागतात आणि माणसं स्वतःहून सांगत नाहीत.

आणि खांदा आधीच धरला असेल तर

एका बोटानं जागा दाखवायला सांगा आणि ती लिहून ठेवा: कडेपासून किती खाली, कोणता हात, कोणती लस, दुखणं किती तासांनी सुरू झालं. हात बाजूनं किती वर जातो तेही. लसीनंतरच्या त्रासाची नोंद करायची जी पद्धत असेल तिच्यात ही घटना घाला. आपली चूक कागदावर येईल म्हणून टाळू नका. मला त्या बाईंच्या वेळी टाळावंसं वाटलं होतं.

दुखणं आठवड्याहून जास्त टिकलं किंवा हात अडत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा आणि चिठ्ठीत "लस खांद्यात वर टोचली गेली असण्याची शक्यता" असं स्पष्ट लिहा. नाही तर डॉक्टर वयाचा खांदा समजून पुढे जातात. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये पिशवीतला दाह दिसू शकतो. उपचारात दाहशामक गोळ्या, फिजिओथेरपी आणि गरज पडली तर पिशवीत स्टेरॉइडचं इंजेक्शन असतं. बरं व्हायला महिने लागू शकतात. हात गळ्यात बांधून स्वस्थ ठेवणं हा घरगुती उपाय मात्र उलटतो, सांधा आखडतो. दुखण्याच्या मर्यादेत हात हलवत राहायचा.

पुढचा डोस बुडवायचं कारण नाही. दुसऱ्या हातात घ्यायचा. असा माणूस पुढच्या वेळी येतो तेव्हा खांदा आक्रसूनच बसलेला असतो. मी त्याच्यासमोर बसते, कड शोधते, अंगठा आणि तर्जनी ठेवते आणि मधली जागा त्यालाच बोटानं दाखवायला लावते.

त्या बाई चार महिन्यांनी दुसऱ्या डोसाला आल्या. हात कमरेवर ठेवा म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "मागच्या वेळी का नाही सांगितलं?" मी त्यांना खरं ते सांगितलं: मागच्या वेळी आमच्या टेबलाला खुर्ची एकच होती.